पहिलं अक्षर मोकळं

रविवारी सकाळी मी मुलीला पत्र लिहायचो आणि माझं लिहून झालं की बायको माझ्या खुर्चीत बसून त्यातल्या थापांखाली रेघा मारायची. वीस वर्षं आमच्या घरातला हा शिरस्ता होता. मुलगी शिकायला म्हणून दुसऱ्या शहरात गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच राहिली. पत्रं काही थांबली नाहीत. कागदाची नव्हेत, कॉम्प्युटरवरचीच. पण फोनवर मजा नाही यावर आम्हा तिघांचं एकमत होतं. फोनवर थाप मारली की समोरचा लगेच हसतो आणि थाप खुरटते.

थापा तरी कसल्या. आमच्या इमारतीच्या लिफ्टला उंचीची भीती वाटते, म्हणून तिसऱ्या मजल्याच्या वर जाताना ती डोळे मिटून घेते आणि आतला दिवा जातो. खालच्या घड्याळजीला एवढी मोठी शिंक आली की दुकानातली बंद पडलेली तीन घड्याळं चालू झाली, त्यातलं एक उलटं. अशा प्रत्येक वाक्याखाली बायको नागमोडी रेघ ओढायची आणि पत्र रेघांसकट मुलीकडे जायचं. रेघ असेल ते बाबाचं, नसेल ते खरं. एकदा मला खरोखरच माझे शाळेतले मास्तर रस्त्यात भेटले होते, वय वर्षं ब्याण्णव, सायकलवर. खाली रेघ नव्हती म्हणून मुलीनं विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर तिनं कधीच ठेवला नसता, आणि बरोबरच होतं तिचं.

बायको पेशानं मुद्रितशोधक. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधून पोट भरणारी बाई. घरी माझ्या चुका फुकट शोधायची. मला थापाड्या म्हणायची, चारचौघांत म्हणायची.

त्या रेघा ज्यावर मारल्या जायच्या ती पाटी मी बनवलेली. पाटी म्हणजे एडिटर, कॉम्प्युटरवर लिहायचं-खोडायचं साधन. तरुणपणी मी आणि दोन मित्रांनी ती लिस्प नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली. लिस्प म्हणजे सगळा कंसांचा कारभार. कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि शेवटी बंद होणारे कंस असे ओळीनं उभे राहतात, सिनेमा सुटल्यावर दारात माणसं उभी राहतात तसे. पाटीची खुबी अशी की वापरणारा तिला स्वतःच नव्या सवयी लावू शकतो, तेही ती चालू असताना. धावत्या सायकलची घंटी बदलावी तसं. चार ओळी लिहायच्या, पाटी शिकते. त्या ओळी 'सवयी' नावाच्या फाईलमध्ये राहतात. मित्र पुढे मोठे झाले, एक वारलाही. पाटी वापरणारे जगात अकरा जण उरले होते आणि त्यांत सगळ्यांत लांब 'सवयी' माझ्या बायकोच्या. चारशे बारा ओळी. पहिल्या दहाएक मी शिकवल्या, उरलेल्या तिच्या ती शिकली.

नागमोडी रेघेची सवयही तिनंच लिहिली होती आणि तिच्यात एक चूक होती. लिस्पमध्ये अक्षरं शून्यापासून मोजतात. ती एकापासून मोजायची, जगातली सगळी शहाणी माणसं मोजतात तशी. त्यामुळे रेघ दुसऱ्या अक्षरापासून सुरू व्हायची आणि वाक्याचं पहिलं अक्षर मोकळं राहायचं. मी दुरुस्त करून देतो म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. पहिलं अक्षर तरी खरं असू दे माणसाचं."

रेघ राखाडी, पेन्सिलीची असते तशी. आणि पूर्णविराम पडल्याशिवाय ती ओढायची नाही, हा तिचा नियम. "वाक्य पुरं तर करू दे त्याला. कदाचित शेवटी खरं बोलेल."

पाटीत मला स्वतःला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट होती. ती कितीही कामात असली, मोठी फाईल उघडत असली, तरी तुम्ही दाबलेली कळ हरवायची नाही. कळ रांगेत थांबायची. पाटी मोकळी झाली की पहिली आधी, दुसरी नंतर, अशा सगळ्या घ्यायची. बायको म्हणायची, "तुझ्यापेक्षा तुझी पाटी बरी. उशिरा का होईना, ओ देते."

मग एकाच वर्षी दोन गोष्टी थकल्या. एक जुना लिस्प आणि दुसरं बायकोचं हृदय.

पाटीला चालवायला लिस्पचं इंजिन लागतं. ते बनवणारी माणसं केव्हाच घरी बसली होती, नव्या मशीनवर ते चालेना, आणि जुनं मशीन सकाळी चालू होताना असं खोकायचं की शेजारी विचारायचे, बरं नाही का कुणाला.

"बाबा, जगात शंभर एडिटर आहेत," मुलगी म्हणाली.

"त्यातल्या एकाला तरी तुझ्या आईच्या सवयी आहेत?"

"आईच्या सवयी इतक्या वर्षांत तुला लागल्या नाहीत, एडिटरला कुठून लागणार?"

शेवटी मला एक नवा लिस्प सापडला. छोटा, स्वच्छ, कुठल्याशा लांबच्या शहरातल्या एका बाईनं एकटीनं लिहिलेला. तिला मी कंसबाई म्हणायचो, ती मला काका. तिच्या इंजिनावर पाटी पहिल्या विटेपासून बांधायची होती. आधी खिडकी, मग अक्षर उमटणं, मग खोडणं, मग जपून ठेवणं. बायकोच्या सवयी सगळ्यांत शेवटी. घर पुरं झाल्यावर तिनं राहायला यावं, ओल्या भिंतींत नको, असं माझ्या मनात होतं.

बायकोला दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, आराम, औषधं, जिने नकोत. काळजीचं कारण नाही. तिची कॉट मागच्या खोलीत, खिडकीशी. माझं टेबल पुढच्या खोलीत. मध्ये सात पावलांचा बोळ.

त्या मंगळवारी दुपारी पावणेचारला नव्या लिस्पवर पाटी पहिल्यांदा उभी राहिली. रिकामी पांढरी खिडकी, वर डावीकडे लुकलुकणारा कर्सर. मी भराभर कळा दाबल्या आणि पाहतो तर काही कळा गळत होत्या. सात दाबल्या तर चार उमटायच्या. रांग कुठेतरी फुटली होती. माझी रांग! मी तिच्या मागे लागलो.

मागून हाक आली. "अरे."

"एक मिनिट," मी म्हणालो.

थोड्या वेळानं पुन्हा आली. "अरे, ऐक ना."

"आलो, आलो. एकच मिनिट."

रांग सांधली. पुन्हा भराभर कळा दाबल्या, पन्नास, शंभर. एकही गळली नाही. तिला सांगायला उठलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती गेली होती. चादर विस्कटली नव्हती. पाण्याचा पेला होता तिथेच होता. तोंड दाराकडे होतं.

मुलगी संध्याकाळपर्यंत पोचली. त्याच आठवड्यात ती यायची होती, कामासाठी सुट्टी पुढे ढकलली होती तिनं. बोळात माझा हात धरून तिनं विचारलं, "बाबा, तू होतास ना जवळ?"

मी हो म्हणालो.

थाप आणि खोटं यांत फरक असतो असं बायको सांगायची. थाप मारणाऱ्याला वाटतं आपण पकडले जावं. खोटं बोलणाऱ्याला तसं वाटत नाही. त्या संध्याकाळी बोळात मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

परत गेल्यावर मुलीनं फोन केला. "आई कशी गेली ते एकदा लिहून पाठव, बाबा. मला वाचायचंय." रविवारी मी खोकणाऱ्या मशीनवर तीन वाक्यं लिहिली. मी तिच्याजवळ होतो. तिचा हात माझ्या हातात होता. ती काही बोलली नाही, शांतपणे गेली. पाठवून दिलं.

दुपारी तिचा फोन आला. "रेघ नाही कुठेच."

"कोण मारणार आता?"

"मग मी काय समजायचं?"

"खरं समज."

मग म्हणाली, "मी यायला हवं होतं, बाबा. तू होतास तेवढ्यावर मी उभी आहे."

महिन्याभरात जुनं मशीन बसलं ते बसलंच. पत्रं मी नव्या मशीनवर आणून ठेवली होती. बायकोच्या 'सवयी' जुन्या डिस्कवर होत्या, शिवाय दोन प्रती वेगळ्या. तिन्ही मी ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली. हे तपशील नीट सांगतो आहे. माझ्यासारख्यानं काही सांगितलं की लोक आधी तपशीलच तपासतात.

पाटी बांधत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मजकूर वर-खाली सरकवायची सोय झाली, तेव्हा सरकवायला काहीतरी मजकूर हवा म्हणून लिहिलं: लिफ्टनं आज चष्मा लावला आहे.

पडद्यावर राखाडी डाग दिसला. मी चष्म्याचं फडकं घेऊन पुसला. तो गेला नाही. मजकूर वर सरकवला तर डागही वाक्याबरोबर वर गेला. मग मी खुर्ची पुढे ओढली. डाग नव्हता, नागमोडी रेघ होती, बारीक, दुसऱ्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत. 'लि' मोकळा होता.

मी वाक्य खोडलं आणि लिहिलं: आज गुरुवार आहे. गुरुवारच होता. खाली काही आलं नाही. आज शुक्रवार आहे, असं लिहिलं. पूर्णविराम दिला. दोन श्वास जातील एवढा वेळ गेला आणि रेघ आली. आधी नव्हती आणि मग होती. ओढली जाताना दिसली नाही.

ड्रॉवर उघडून पाहिला. तिन्ही प्रती जागेवर होत्या. किल्ली माझ्या खिशात होती.

मी कंसबाईला फोन लावला.

"काका, ह्या आवृत्तीत अक्षराखाली काही काढायची सोयच नाहीये," ती म्हणाली. "ते अजून लिहिलेलंच नाही मी. पुढच्या महिन्यात."

"म्हणून तर विचारतोय."

"दाखवा बघू."

माझा पडदा मी तिला तिच्याकडे दिसेल असा केला आणि लिहिलं: कंसबाईला तीन कान आहेत. ती हसली. मग हसणं थांबलं.

"दिसतेय," ती म्हणाली. "एकानं चुकलीय. पहिलं अक्षर सुटलंय बघा. कुणी लिहिलीय ही?"

"तुम्ही नाही, मी नाही. तुमच्या इंजिनात कोणतं काम किती वेळा चाललं त्याची मोजणी असते ना? ती काढा."

तिनं काढली. आम्ही दोघांनी मिळून वाचली. अक्षर उमटवणं, कर्सर हलवणं, खिडकी रंगवणं, सगळ्यांपुढे आकडे होते. रेघ काढणारं काम यादीत नव्हतंच.

"काका, तुमच्याबद्दल ऐकलंय मी. थापा मारता म्हणे."

"मारतो."

"ही थाप आहे?"

"थाप असती तर हिच्यापेक्षा बरी मारली असती."

"ते खरंय," ती म्हणाली. नंतरही आमचं कामाचं बोलणं होत राहिलं, पण 'पडदा दाखवा' असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

एक शंका उरली होती. कदाचित मीच कुठेतरी, झोपाळल्या मेंदूनं, माझं मलाच काही लिहून ठेवलं असेल. मला जे माहीत आहे तेवढंच पाटीला कळत असेल. म्हणून मला माहीत नसलेलं काहीतरी हवं होतं. कपाटात बायकोचा बटणांचा डबा होता. पत्र्याचा, झाकण घट्ट. तो मी आयुष्यात कधी उघडला नव्हता. न उघडताच लिहिलं: डब्यात चाळीस बटणं आहेत. रेघ आली. एकोणचाळीस केलं, रेघ आली. अडतीस केलं. खाली कोरं.

डबा टेबलावर उपडा केला आणि मोजली. सदतीस.

"चुकलीस," मी मोठ्यानं म्हणालो. वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणायला मिळालं होतं. डबा परत भरायला उचलला तर आत काहीतरी खुळखुळलं. झाकणाच्या कडेच्या दुमडीत एक बारीक पांढरं बटण अडकलं होतं.

मी ते काढलं नाही. तसंच राहू दिलं आणि झाकण लावलं.

ह्यानंतर माणसानं घाबरावं. मी घाबरलो नाही, उलट मला भूक लागायला लागली. दुपारी जेवून टेबलाशी बसायचो आणि थापा लिहायचो. घड्याळजीनं काल मला अर्धा तास उसना दिला. माझ्या डाव्या बुटाला उजवा व्हायचंय. प्रत्येकीखाली रेघ, पहिलं अक्षर मोकळं. अडचण एकच होती. तिच्याशी बोलायचं तर खोटं बोलावं लागायचं. खऱ्यावर ती गप्प राहायची. मग मी तेही शिकलो. लिहिलं: मला तुझी मुळीच आठवण येत नाही. रेघ आली. घर खूप भरलेलं वाटतं. रेघ आली. मी औषधं वेळेवर घेतो. ही रेघ जरा लवकर आल्यासारखी वाटली, पण तशी खात्री देत नाही.

असे पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मी शेवटचं पत्र उघडलं नाही. का उघडलं नाही हे मला कळत होतं.

बुधवारी मुलीचा फोन आला.

"कंसबाई म्हणाल्या, पाटी झाली."

"तिला कुठे भेटलीस तू?"

"मी फोन केला होता. तू नीट जेवतोस का, काही बोलतोस का, ते विचारायला. बाबा, पाटी मला पाठव ना. तुझी सगळी पत्रं मला तिच्यात उघडून वाचायचीत. इतर कशात उघडली की परकी वाटतात. त्या शेवटच्या पत्रापासून उलटी वाचत जाणार आहे मी."

"अजून थोडं काम आहे."

"रविवारपर्यंत पाठव. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि ते पत्र उघडलं. तीन वाक्यं होती. तिन्हींखाली रेघ होती. 'मी' मोकळा. 'ति' मोकळी. 'ती' मोकळी. बाकी सगळं राखाडी.

मी पत्र बंद करून पुन्हा उघडलं. मग खुर्ची मागे सरकवून बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. मागच्या खोलीत ऊन होतं. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

रेघ पाटीत होती, का ह्या घरात, का माझ्यात, हे मला माहीत नव्हतं. पाटी मुलीकडे गेली की रेघ तिच्याबरोबर जाईल का, तेही माहीत नव्हतं. न गेली तर मुलगी जिथे उभी आहे तिथेच उभी राहील. गेली तर ती ते पत्र उघडेल, आईची रेघ ओळखेल, पहिलं अक्षर मोकळं, आणि तिला आईकडून कळेल की बाबा जवळ नव्हता. पाटी पाठवलीच नाही तर? मोडून टाकली तर? सगळं खोडायला एक ओळ पुरते. दोन कंस. ती ओळ मी लिहूनही पाहिली. मग खोडली. पाटी मोडली की रेघही गेली, आणि मग मी थापा कुणाला मारू?

गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी दुपारी जेवलो नाही. अडीचला टेबलाशी बसलो आणि मुलीला पत्र लिहायला घेतलं. रविवारी पाटीच्या आधी हे पत्र जाईल, असं ठरवलं. तिला कळायचंच असेल तर माझ्याकडून कळू दे. पकडला गेलेला बाप होण्यापेक्षा सांगणारा बाप बरा.

लिहिलं: मी तुझ्याशी खोटं बोललो.

थांबलो. खाली काही आलं नाही.

तुझी आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो.

कोरं.

मी पुढच्या खोलीत पाटीचं काम करत होतो.

कोरं. प्रत्येक पूर्णविरामानंतर मी हात मांडीवर ठेवून वाट पाहायचो. बाहेर लिफ्टचं दार वाजलं, कुणीतरी उतरलं, किल्ल्यांचा आवाज झाला, शेजारचं दार लागलं.

गळणाऱ्या कळांची रांग मी सांधत होतो.

कोरं.

मला उठता आलं असतं.

इथे मी जास्त थांबलो. ह्या वाक्याखाली रेघ यावी असं मला वाटत होतं. आली नाही.

मध्ये सात पावलांचा बोळ आहे. कोरं. मी 'एक मिनिट' म्हणालो. कोरं. ते मिनिट पंचवीस मिनिटांचं झालं. कोरं.

डोळ्यांत पाणी येत होतं, पण हात हलका झाला होता. वीस वर्षं जी बाई माझ्या पत्रांवर पेन्सिल धरून बसली, तिनं ह्या पानावर एकदाही हात उचलला नव्हता. माझं पहिलंच पत्र असं की जे वरपासून खालपर्यंत स्वच्छ होतं. वाटलं, हेच हवं होतं तिला. आता एक वाक्य राहिलं, मग सही.

लिहिलं: तिनं मला दोनदा हाक मारली.

पूर्णविराम दिला. मांडीवर हात ठेवले.

रेघ आली.

'ति' मोकळी होती.

मी वाक्य पुन्हा वाचलं. एक हाक, 'अरे.' दुसरी, 'अरे, ऐक ना.' दोनच. दोन्ही मला शब्दाशब्दानं आठवत होत्या. त्यांत थाप नव्हती. त्यांत खोटं नव्हतं.

पाटी चुकली असेल. चुकते. बटणांच्या वेळी मला वाटलं होतं, चुकली.

वाक्य खोडून तसंच पुन्हा लिहिलं. रेघ आली.

बोळाकडे पाहिलं. मग 'दोनदा' खोडलं आणि 'एकदाच' लिहिलं. रेघ आली. कदाचित दुसरी हाक मला भासली असेल, असं क्षणभर वाटलं होतं.

'एकदाच' खोडलं. 'तीन वेळा' लिहिलं.

रेघ.

चार वेळा.

रेघ.

कळा चुकत होत्या, खोडून पुन्हा दाबत होतो. पाटी एकही गाळत नव्हती.

पाच वेळा. रेघ.

सहा वेळा. रेघ.

सात वेळा लिहिलं आणि मागच्या खोलीकडे पाठ करून बसलो. रेघ आली.

आठ वेळा.

रेघ.

तिनं मला नऊ वेळा हाक मारली.

पूर्णविराम दिला आणि थांबलो. नेहमीएवढं थांबलो. मग नेहमीपेक्षा जास्त थांबलो.

खाली काहीच आलं नाही.